माणूस वर पाठवा, पण कारण खरं सांगा

इस्रोची एखादी बातमी आली की आमच्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात, मग ते फोंड्याचं चहाचं दुकान असो की चवथीला घरी जमलेली भावंडं. एक पार्टी म्हणते गगनयान, इस्रोचा माणूस अंतराळात पाठवायचा कार्यक्रम, म्हणजे देशाची शान आणि त्यावर प्रश्न विचारणारा देशाचा वैरी. दुसरी म्हणते इथे नळाला पाणी नाही, शाळेला शिक्षक नाही, आणि हे माणसं वर पाठवायला निघालेत. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय आणि आता खरंच त्रास होतो, कारण दोन्हीकडचे लोक मनापासून बोलत असतात पण मुद्द्याला कोणीच हात लावत नाही. माझं मत आधीच सांगतो. भारताने माणूस अंतराळात पाठवावा, स्वतःच्या रॉकेटने पाठवावा आणि त्यासाठी लागेल तो पैसा द्यावा. पण हा निर्णय मुळात राजकीय आहे, विज्ञानाचं नाव त्याला मागाहून लावलेलं आहे, आणि राजकीय आहे म्हणून तो वाईट ठरतो असंही नाही, मात्र मग त्याचा हिशोब राजकीय निर्णयासारखा उघड मागता आला पाहिजे, उलटसुलट प्रश्न विचारता आले पाहिजेत. आज ते होत नाही.

आधी पैशाचं बोलून घेऊ. गगनयानला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा आकडा ९ हजार कोटींच्या थोडा वर होता, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात ११,१७० कोटी वाढवले आणि एकूण झाले २०,१९३ कोटी. त्यात ८ मोहिमा आणि भारतीय अंतराळ स्टेशनचा पहिला भाग येतो. मोठा आकडा आहे, पण तो साधारण दहा वर्षांत पसरलेला आहे. आपल्या गोव्याचं २०२५-२६ चं बजेट २८ हजार कोटींच्या वर होतं, म्हणजे पंधरा-सोळा लाख लोकांचं आपलं एवढंसं राज्य एका वर्षात जेवढा पैसा मांडतं त्याच्यापेक्षा हा अख्खा कार्यक्रम स्वस्त आहे. देशाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी दीडशे रुपयेसुद्धा होत नाहीत, तेही दहा वर्षांत मिळून. अंतराळ विभागाचं सगळंच्या सगळं बजेट २०२५-२६ मध्ये १३,४१६ कोटी होतं आणि केंद्राचं बजेट ५० लाख कोटींच्या वर, म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले २६-२७ पैसे. यातून गरिबी हटणार नाही. आमच्या भागात मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते हे खरं आहे, त्याचा राग मलाही येतो, पण त्याचं कारण जुन्या पाईपलाईनमध्ये आहे, गळतीत आहे, पाण्याचा विचार न करता दिलेल्या बांधकाम परवानग्यांत आहे. श्रीहरिकोट्याला रॉकेट उडालं नाही म्हणून पेडण्याच्या नळाला पाणी येणार नाही.

हा वाद अमेरिकेतही झाला होता आणि आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे झाला. जुलै १९६९, अपोलो ११ उडायच्या आदल्या दिवशी राल्फ अ‍ॅबरनेथी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी, गरीब कुटुंबांना आणि खेचरं जोडलेल्या गाड्यांना घेऊन केप केनेडीला जाऊन उभे राहिले. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले आणि म्हणाले की उद्या बटण न दाबल्याने गरिबीचे प्रश्न सुटणार असते तर आम्ही ते बटण दाबलंच नसतं. मला या प्रसंगात दोघांबद्दलही आदर वाटतो, एकाने प्रश्न नेऊन दारात उभा केला आणि दुसऱ्याने पोलीस न पाठवता स्वतः उत्तर दिलं. पुढे अपोलोचे पैसे कापले गेलेच. गरिबी तिथे आजही आहे.

पण एवढ्यावर गगनयानवाल्यांनी खूश होऊ नये, कारण त्यांची बाजूसुद्धा बहुतेक वेळा चुकीच्या आधारांवर उभी असते. पहिला आधार म्हणजे अंतराळातून आलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू. टेफ्लॉन नासाने शोधलं, वेल्क्रो नासाने शोधलं, हे शाळेतल्या भाषणांपासून चालू आहे. टेफ्लॉन १९३८ चं, एका केमिकल कंपनीच्या लॅबमधलं, आणि वेल्क्रो एका स्विस इंजिनिअरने शोधलेलं, तेव्हा नासाचा जन्मही झाला नव्हता. नवीन तवा पाहिजे असेल तर तव्यावर खर्च करा, त्यासाठी माणूस कक्षेत पाठवायची गरज नाही.

दुसरा आधार म्हणजे विज्ञान, आणि इथे जरा थांबायला हवं कारण इथे गोष्ट साधी नाही. माणूस जागेवर असला तर काम किती भराभर होतं त्याचे आकडे आहेत. मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरने १४ वर्षांत ४५ किलोमीटर कापले, आणि अपोलो १७ च्या दोघांनी चंद्रावर तीन दिवसांत गाडीने ३५ किलोमीटर मारले. सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, रशियाच्या तीन ल्युना यंत्रांनी मिळून अर्धा किलोसुद्धा नाही, आणि चीनच्या छांग-अ ५ आणि ६ ने अलीकडे प्रत्येकी दोन किलोच्या आत. हबल दुर्बिणीची नजर अधू निघाली तेव्हा १९९३ मध्ये माणसांनी वर जाऊन ती दुरुस्त केली. म्हणजे दिवसाला काम मोजलं तर माणूस जिंकतो, पण रुपयाला काम मोजलं तर यंत्र जिंकतं आणि फार मोठ्या फरकाने जिंकतं. चांद्रयान ३ साधारण ६१५ कोटींत दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्या पैशात माणसाचं एक सीट जेमतेम येतं. आणि गगनयान तर चंद्रावर जात नाहीये. तीन माणसं, ४०० किलोमीटर उंची, तीन दिवस. तिथे उचलायला दगड नाही, आणि शून्य गुरुत्वातले प्रयोग म्हणाल तर इतर देश पन्नास वर्षं ते करतायत. विज्ञानासाठीच २० हजार कोटी द्यायचे असतील तर कुठलाही प्रामाणिक शास्त्रज्ञ ते दुर्बिणींवर, उपग्रहांवर, विद्यापीठांवर लावा म्हणेल.

विक्रम साराभाईंचं एक वाक्य आपण सगळीकडे लावतो, समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कुणापेक्षा कमी पडता कामा नये, ते वाक्य. त्याच्या आधी ते काय म्हणाले होते ते मात्र पोस्टरवर येत नाही. चंद्रावर, ग्रहांवर जाण्यात किंवा माणसं अंतराळात पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्नरंजन आम्ही करत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले होते. इस्रो या पायावर उभी राहिली, १९७५-७६ मध्ये २,४०० गावांत उपग्रहातून टीव्ही पोचवला तो याच विचाराने. आता आपण दुसऱ्या वाटेने चाललोय. वाट बदलायला माझी हरकत नाही, साराभाईंचा काळ वेगळा होता, देश वेगळा होता, पण वाट बदलली हे लोकांना सांगायला पाहिजे आणि का बदलली तेही सांगायला पाहिजे, त्यांचं अर्धं वाक्य लपवून त्यांचाच फोटो लावणं मला पटत नाही.

मग खरं कारण कुठलं? मला ते गोव्यातच सापडतं, वास्कोला, हेडलँड सड्यावर.

तिथे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, देशाच्या सगळ्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून चालतात. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत एका लॅबमध्ये उणे २० अंशाला ठेवलेले अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे. किती गोंयकारांना हे माहीत आहे देव जाणे. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून पोलर सर्कल नावाचं भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज निघालं, वर २१ माणसं, आणि नेते डॉ. सय्यद जहूर कासिम, जे आधी दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे डायरेक्टर होते. फारसा गाजावाजा नाही, जवळजवळ गुपचूपच. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले. आता विचार करा, १९८१ चा भारत, तेव्हाचं दारिद्र्य, आणि आपण बर्फावर माणसं पाठवतोय, जिथे आपला एक माणूस राहत नाही, आपला काही व्यापार नाही. आज गगनयानला जे विचारतात ते सगळे प्रश्न तेव्हा जास्त जोरात विचारता आले असते.

पण का पाठवली ते बघा. १९५६ मध्ये भारताने अंटार्क्टिकाचा विषय युनोत न्यायचा प्रयत्न केला होता, हा खंड सगळ्या जगाचा आहे, तिथे अणुचाचण्या किंवा लष्करी भानगडी नकोत अशी आपली भूमिका होती. विषय पुढे सरकलाच नाही. १९५९ मध्ये बारा देशांनी बसून अंटार्क्टिका करार केला आणि त्या बारांत भारत नव्हता. त्या करारात एक अट आहे, निर्णय घेणाऱ्यांत बसायचं असेल तर तिथे भरीव संशोधन करून दाखवा, म्हणजे स्टेशन बांधा किंवा मोहीम पाठवा. नुसतं भाषण चालत नाही. मग आपण गेलो, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये करारात सामील झालो तर सप्टेंबर १९८३ मध्ये मताचा अधिकार असलेले सदस्यसुद्धा झालो. सत्तावीस वर्षं जे बोलून जमलं नव्हतं ते दोन जहाजफेऱ्यांनी जमलं. त्यानंतर दक्षिण गंगोत्री, मग मैत्री, मग २०१२ मध्ये भारती.

भारती स्टेशनवर आज इस्रोची मोठी अँटेना आहे, २०१३ पासून. ध्रुवांवरून फिरणारे आपले उपग्रह त्या अँटेनाला दिवसातल्या बहुतेक फेऱ्यांत दिसतात आणि डेटा खाली येतो. १९८१ मध्ये हे कोणी सांगू शकलं नसतं कारण पृथ्वीची पाहणी करणाऱ्या आपल्या आयआरएस मालिकेतला पहिला उपग्रहच १९८८ चा. बरं, सगळंच असं फळाला येतं असंही नाही. दोनापावलाच्याच संस्थेच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून धातूच्या गोट्या वर काढल्या, त्या कामामुळे १९८७ मध्ये भारताला हिंदी महासागराच्या तळाचा हक्काचा पट्टा मिळाला, आणि त्या तळावर व्यापारी खाणकाम आजही सुरू झालेलं नाही, खाणींनी आपल्या डिचोली-सांगेचं काय केलं ते बघता ते सुरू न झालेलंच बरं असं मला वाटतं. पण पट्टा आपल्या नावावर आहे आणि तिथे काय करायचं किंवा काय करायचं नाही हे ठरवताना आपल्याला विचारावं लागतं.

माणूस अंतराळात पाठवण्याचं खरं कारण मला हेच वाटतं. चंद्रावर कोण कुठे उतरणार, कुणाच्या तळापासून किती लांब राहायचं, तिथला बर्फ कोण वापरणार, याचे नियम आत्ता लिहिले जातायत. अशाच नियमांचा आर्टेमिस करार ऑक्टोबर २०२० मध्ये आठ देशांनी केला, भारताने जून २०२३ मध्ये सही केली, सत्ताविसावा देश म्हणून. म्हणजे मजकूर दुसऱ्यांनी लिहिला आणि आपण सही केली. चीन स्वतःचं अंतराळ स्टेशन चालवतो आणि २०३० च्या आत चंद्रावर माणूस उतरवायचं म्हणतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशन २०३० च्या सुमारास बंद होणार आहे. पुढच्या पंधरा वर्षांत जे तिथे असतील ते ठरवतील, आणि यंत्र पाठवून तुम्हाला फोटो मिळतात, मान मिळतो, पण जिथे माणसं एकमेकांच्या स्टेशनला जोडली जाणार, एकमेकांचे जीव वाचवणार, तिथल्या नियमांच्या बैठकीत ज्याची माणसं वर आहेत त्याचंच ऐकलं जाणार.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला गेले ते सोव्हिएत यानातून. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला गेले ते स्पेसएक्सच्या यानातून, त्या सीटसाठी आपण ५०० कोटींच्या वर मोजले. ते त्या मोहिमेचे पायलट होते आणि त्यांनी तिथे १८ दिवस चोख काम केलं, त्यात काहीच वाद नाही. पण ४१ वर्षांनीही आपण दुसऱ्याच्या गाडीत लिफ्ट मागूनच जातोय, आणि लिफ्ट देणारा कधी नाही म्हणेल ते आपल्या हातात नसतं. यानात हवा, तापमान, ओलावा सांभाळणारी यंत्रणा आपल्याला बाहेरून मिळेना म्हणून शेवटी इथेच बनवायला घेतली, हे सोमनाथ इस्रोचे अध्यक्ष असताना सांगत होते. ही यंत्रणा विकत मिळत नाही यातच सगळं आलं.

तेव्हा माझ्या मते कारण हे आहे: नियम ठरतात तिथे जागा पाहिजे, आणि कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसलेलं कसब पाहिजे. ते थेट सांगा. संसदेत सांगा. लोकांना ते कळत नाही असं समजू नका, रापणीच्या जाळ्याचा दोर कुणी कुठे ओढायचा यावर पिढ्यान् पिढ्या भांडलेल्या किनाऱ्याच्या लोकांना हद्द आणि हक्क वेगळा शिकवावा लागत नाही.

खरं कारण न सांगण्याचा तोटा काय होतो ते अमेरिकेने दाखवलंय. केनेडींचं नोव्हेंबर १९६२ चं नासाच्या प्रमुखांशी झालेलं बोलणं टेपवर आहे, त्यात ते म्हणतात की मला अंतराळात तेवढा रस नाही, रशियाला हरवायचं आहे म्हणून हा खर्च. बाहेर भाषणं वेगळी, आत कारण वेगळं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाचे चार टक्क्यांहून जास्त नासावर जात होते. तरी साठच्या दशकातल्या पाहण्यांत बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त लोक हा खर्च परवडत नाही असंच म्हणत होते, अपवाद अपोलो ११ च्या आसपासचा. रशिया हरला आणि कारण संपलं. चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचं उत्पादन तर १९६८ मध्येच थांबवलं, १९७० मध्ये तीन चांद्रमोहिमा रद्द केल्या, उरलेली रॉकेटं आज म्युझियममध्ये आडवी पडलीयेत आणि लोक त्यांच्यासमोर सेल्फी काढतात. डिसेंबर १९७२ मध्ये शेवटचा माणूस चंद्रावरून निघाला आणि तो सगळा अनुभव, ती टीम, ते कसब विरून गेलं. नंतर अंतराळ स्टेशनचा प्रकल्प १९९३ मध्ये त्यांच्या प्रतिनिधीगृहात एका मताने वाचला, २१६ विरुद्ध २१५. एका मताने! आपल्याकडे असं मतदान होत नाही म्हणून आपला कार्यक्रम सुरक्षित आहे असं कोणी समजू नये, आपल्याकडे तो एका सहीने वाढतो आणि एका सहीने थांबूही शकतो.

आणि अमेरिकेतली दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पुढच्या वर्षाचं जे बजेट सुचवलं त्यात नासाच्या विज्ञानाचे पैसे जवळजवळ निम्मे कापले होते, आणि त्याच वेळी माणसं चंद्रावर-मंगळावर पाठवण्याचे पैसे वाढवले होते. चालू अवस्थेतली यानं बंद करायचा प्रस्ताव होता. तिथे खासदारांनी आणि शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला. म्हणजे माणूस पाठवण्याच्या कार्यक्रमाचा खरा धोका गरिबाच्या ताटाला नसतो, तो त्याच संस्थेतल्या बाकीच्या कामांना असतो. पैसे, इंजिनिअर, टेस्टची जागा, अध्यक्षांचं लक्ष, सगळं एकाच घरातलं, आणि टीव्हीवर दिसणारं पोर नेहमी जास्त लाडकं.

आपल्याकडे तसं होतंय का? नाविक बघा. नाविक म्हणजे आपलं स्वतःचं जीपीएस. पहिल्या उपग्रहातली अणुघड्याळं बिघडली, नंतर इतरही अडचणी आल्या, मग नवीन पिढीचे उपग्रह सुरू केले, त्यातला पहिला २०२३ मध्ये नीट गेला आणि दुसरा २९ जानेवारी २०२५ ला गेला, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, केवढा सोहळा. रॉकेटने काम चोख केलं पण उपग्रहाला ठरलेल्या कक्षेत ढकलण्यासाठी जी झडप उघडायची होती ती उघडली नाही आणि तो अडकून पडला. त्या वर्षी जुलैमध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे जागा सांगण्याचं काम करणारे फक्त ४ उपग्रह उरले होते. चार म्हणजे काठावर, त्यातला एक गेला की जागा नीट काढताच येत नाही. या नाविकवर मोबाईल, गाड्या, सैन्य सगळं आणायचं आपण म्हणतोय. गगनयानमुळेच नाविक मागे पडलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण गगनयानच्या पॅराशूटची हवेतली चाचणी झाली की ती राष्ट्रीय बातमी होते आणि नाविकचा उपग्रह अडकला तर दोन दिवसांत विषय बंद, हे मात्र सगळ्यांनी बघितलं.

आणि हे आपल्याला, किनाऱ्यावरच्या लोकांना, परवडणारं नाही. मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा, कुठल्याही जेटीवर जा, १ ऑगस्टला बंदी उठली की ट्रॉलर बाहेर पडतात आणि मोबाईलची रेंज संपली की त्या खलाशांना आणि आपल्याला जोडणारं वरून येणाऱ्या सिग्नलशिवाय काही नसतं. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात होते, कित्येक दिवसांपूर्वी निघालेले, इशारा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, शंभराहून जास्त माणसं परत आली नाहीत. उपग्रहाला वादळ दिसत होतं. होडीतल्या माणसाला सांगायची सोय नव्हती. त्याच वादळाने आपल्याकडे शॅकमध्ये समुद्र घुसला होता, आठवत असेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने तर घराघरांत अंधार केला, पण तेव्हा होड्या वेळेत आत होत्या.

ओखीनंतर शहाणपण आलं. आता ऑगस्ट २०२४ पासून किनाऱ्याच्या १३ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख बोटींवर उपग्रहाशी बोलणारी ट्रान्सपाँडर मोफत बसवायची योजना आहे, साधारण ३६० कोटींची. मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे ते सांगणारे हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे अंदाज पाण्याचा रंग आणि तापमान उपग्रहातून बघूनच निघतात. साराभाई ज्याला समाजाचे खरे प्रश्न म्हणत होते ते हे, आणि हे काम सुटलं तर गगनयानच्या बाजूने बोलायचं माझ्यासारख्याला कठीण होईल. म्हणून गगनयानला जेवढा पैसा द्याल तेवढीच पक्की भिंत या कामाच्या पैशाभोवती बांधा, की हा पैसा, ही माणसं, या चाचणीच्या जागा कुठल्याही सोहळ्यासाठी हलवता येणार नाहीत.

तारखांबद्दलही बोलायला हवं. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं होतं की २०२२ पर्यंत, स्वातंत्र्याला ७५ वर्षं होतील तोवर, भारताचा माणूस वर जाईल. मग कोविड आला, अडचणी आल्या, आणि आता २०२७ म्हणतात. उशीर झाला म्हणून टोमणे मारणारे लोक मला आवडत नाहीत. ऑक्टोबर २०२३ च्या गगनयानच्या चाचणीत उडायच्या पाच सेकंद आधी कॉम्प्युटरने उड्डाण थांबवलं, लोकांनी कारण शोधलं, आणि त्याच दिवशी दहा वाजता उड्डाण यशस्वी झालं. थांबता येणं हेच तर कसब. माझा आक्षेप तारीख सणाला बांधण्यावर आहे.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात गेल्या त्याच्या चौकशी अहवालात एक गोष्ट आहे जी वाचून माझी झोप उडाली होती. तेव्हा नासाच्या वरिष्ठांनी स्टेशनचा एक मोठा भाग जोडायची तारीख पक्की केली होती, १९ फेब्रुवारी २००४, आणि मॅनेजरांच्या कॉम्प्युटरवर एक स्क्रीनसेव्हर पाठवला होता ज्यात त्या तारखेला किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद उरले ते पळताना दिसायचं. टाकीवरचा फोम तुटून पडतोय हे आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं. तरी उडत राहिले. १ फेब्रुवारी २००३ ला सातही जण गेले. १९८६ मध्ये चॅलेंजर यान उडताना फुटलं त्या वेळीही आदल्या रात्री इंजिनिअर सांगत होते की थंडी फार आहे, रबराच्या रिंगा दगा देतील, उडवू नका. त्यांचं ऐकणाऱ्यांवर वेळापत्रकाचं ओझं होतं. आपल्याकडे असं ओझं आणखी वाढतं, कारण अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, मग पंतप्रधान कुठल्याही पक्षाचे असोत. त्यांनी जाहीर केलेल्या तारखेला नाही म्हणणारा इंजिनिअर किती मोठ्या काळजाचा लागेल, विचार करा. बाळकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला या चौघांची नावं आणि चेहरे आपल्याला माहीत आहेत, त्यांच्यातले कोणी त्या रॉकेटच्या टोकावर बसणार आहेत.

आणि संसदेत यावर काय होतं? शुक्ला परत आल्यावर १८ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत यावर खास चर्चा ठेवली होती. दुसऱ्याच विषयावरच्या गोंधळात ती बुडाली. मला विरोधकांचाही राग आला आणि सरकारचाही, कारण चर्चा ठेवली होती ती कौतुकाची, खर्चावर आणि जोखमीवर बोलायची नव्हे, आणि विरोधकांनी तेवढीही संधी घेतली नाही. अंटार्क्टिकासाठी २०२२ मध्ये संसदेने रीतसर कायदा केला. अंतराळातल्या कामांसाठीच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला होता, त्याचा कायदा अजून झालेला नाही. खाजगी कंपन्या रॉकेटं उडवायला लागल्या, माणूस पाठवायची तयारी चालू आहे, आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, चौकशी कोण करणार हे सांगणारा कायदा नाही.

गोव्याचे दोन खासदार लोकसभेत आहेत आणि एक राज्यसभेत. खाणी, म्हादई, कोळसा यावर ते बोलतात किंवा बोलत नाहीत, त्यावर आपण भांडतो ते बरोबरच आहे. पण अंटार्क्टिकाला पहिलं जहाज ज्या किनाऱ्यावरून निघालं तिथल्या खासदारांनी या विषयावर तीन प्रश्न विचारावेत असं मला मनापासून वाटतं, पक्ष कुठलाही असो. गगनयान आणि अंतराळ स्टेशनवर दर वर्षी नेमका किती खर्च झाला, किती उशीर झाला आणि का, याचा वेगळा अहवाल दर बजेट अधिवेशनात पटलावर ठेवणार का? नाविकचे उपग्रह सातपर्यंत कधी पोचणार, आणि त्याचे पैसे आणि माणसं गगनयानकडे वळवली जाणार नाहीत याची लेखी हमी कोण देणार? आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा: इस्रोच्या आणि सरकारच्या बाहेरची, स्वतःचा अहवाल थेट संसदेला देणारी सुरक्षा समिती नेमलीय का, नेमली असेल तर तिच्यावर कोण आहेत, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांनी नाही म्हटलं तर ते नाही शेवटचं धरलं जाणार का.